झेंडा, मुद्रा आणि राज्यचिन्हं: लावण्याआधी काय तपासाल? खान्देशातल्या शाळा-ग्रामपंचायतींसाठी सविस्तर मार्गदर्शक

नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताचं चित्र काढायला सांगितलं की बहुतेक मुलं त्याच्या हातात अशोकचक्राचा तिरंगा देतात. फलक रंगवणारे आणि फ्लेक्स छापणारेही तेच करतात. ९ सप्टेंबर १९४२ ला पंधरा वर्षांचा हा मुलगा ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु’ अशी घोषणा देत मिरवणुकीत चालला होता आणि गोळ्या झेलून पडला. त्या काळच्या तिरंग्यावर चरखा होता. अशोकचक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. ज्या झेंड्यासाठी तो पोरगा आणि त्याचे सोबती गेले, तो झेंडा आपण त्याच्या हातून काढून घेतो आणि दुसराच देतो. हेतू चांगला असतो, पण इतिहास चुकतो.

हा लेख शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, मंडळाचे कार्यकर्ते आणि प्रकल्पवही भरणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी गावोगाव झेंडा लागतो, फलक लागतात, शाळेत प्रदर्शन भरतं. त्यात काय लावायचं, कसं लावायचं आणि त्याचा अर्थ मुलांना काय सांगायचा, हे पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: प्रत्येक चिन्हाला तीन प्रश्न विचारा

कोणतंही चिन्ह समोर आलं, झेंडा असो, मुद्रा असो की राज्यपक्षी, तीन गोष्टी वहीत लिहून काढा. ते कोणी ठरवलं? कधी ठरवलं? आणि कशावर वापरायची परवानगी आहे?

अधिकृत चिन्हामागे कुणाचा तरी ठराव असतो, आदेश असतो किंवा कायदा असतो. भारताचा राष्ट्रध्वज संविधान सभेने ठरावाने स्वीकारला, तो ठराव पंडित नेहरूंनी मांडला. सिंहांची राजमुद्रा २६ जानेवारी १९५० पासून देशाची झाली. महाराष्ट्राच्या राज्यगीतामागे शासनाचा निर्णय आहे. ज्यामागे असं काही नाही ते लोकांचं चिन्ह असेल, श्रद्धेचं असेल, फार मोठ्या मानाचंही असेल, पण ‘अधिकृत’ नसेल. दोन्हींची किंमत वेगळी आहे आणि दोन्हींना आपापली जागा आहे.

भगव्याचंच पाहा. स्वराज्याचा ध्वज म्हणून, वारीची पताका म्हणून तो आपल्या घराघरांत आहे. मराठा फौजेच्या जरीपटक्याचा मान आपण जाणतो. चैत्रात खान्देशातून वणीच्या गडाकडे पायी निघणाऱ्या सप्तशृंगीच्या भक्तांच्या खांद्यावरही झेंडे असतात. तरी मुलाने ‘महाराष्ट्र राज्याचा ध्वज कोणता?’ असं विचारलं तर खरं उत्तर एकच: महाराष्ट्राला वेगळा अधिकृत राज्यध्वज नाही. १ मे ला पोलीस परेड मैदानावर पालकमंत्री फडकवतात तो राष्ट्रध्वजच. हे उत्तर देताना भगव्याचा मान तसूभरही कमी होत नाही, हे मुलांना नीट सांगा.

दुसरी पायरी: तिरंग्याची तारीखवार पट्टी तयार करा

प्रदर्शनासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एक लांब कागदी पट्टी. तिच्यावर साल आणि त्या सालचा झेंडा एवढंच. वर्तमानपत्राच्या कोऱ्या रोलचा कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर चार-पाच कार्डशीट चिकटवा.

१९०६. कलकत्त्याच्या पारशी बागानात फडकलेला हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांचा झेंडा. १९०७. जर्मनीतल्या स्टुटगार्टला मादाम कामांनी उंचावलेला झेंडा. १९१७. होमरूल चळवळीचा, लाल आणि हिरव्या आडव्या पट्ट्यांचा, कोपऱ्यात ब्रिटिश युनियन जॅक असलेला. तो कोपरा मुलांना मुद्दाम दाखवा. तेव्हाची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्याची होती, हे झेंडाच सांगतो.

१९२१. पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे ठेवलेल्या आराखड्यातून आलेला झेंडा: वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला तो याच झेंड्यासाठी. नुसता झेंडा हातात घेऊन रस्त्याने चाललं म्हणून माणसं तुरुंगात जात होती. आज दुकानातून झेंडा आणून गच्चीवर लावणाऱ्या मुलाला ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

१९३१. काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरवला, पांढऱ्या पट्ट्यावर निळा चरखा ठेवला आणि या रंगांना धर्मवार अर्थ नाही असं स्पष्ट केलं. अमुक रंग अमुक धर्माचा, अशी वाटणी अजूनही भाषणांतून ऐकू येते. ती करू नका. ज्यांनी झेंडा ठरवला त्यांनीच ती नाकारली आहे.

या १९३१ च्या झेंड्यापाशी खान्देशने थांबायला हवं, कारण इथून पुढचा इतिहास आपल्या अंगणातला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. शहराबाहेर, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. अधिवेशनाच्या नगरीला टिळकांचं नाव दिलं होतं आणि ती सजवायला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले होते. त्यांनी बांबूसारख्या साध्या, खेड्यात मिळणाऱ्या सामानातून ती नगरी उभी केली. गांधीजींचा आग्रहच तसा होता. ध्वजारोहणाच्या वेळी उंच खांबावर झेंडा मधेच अडकला. हजारो लोक खाली उभे आणि दोरी काही हलेना. तेव्हा शिरपूरचा एक तरुण सरसर खांबावर चढला, अडकलेला झेंडा मोकळा केला आणि मगच तो वर गेला. जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या प्रदर्शनात हे चित्र असावं असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या झेंड्यावर चरखा काढा.

त्यानंतर १९४२, नंदुरबार. शिरीषकुमारबरोबर लालदास, शशिधर, घनश्याम ही मुलंही गेली. हुतात्म्यांची नावं लिहिताना शहरातल्या स्मारकावर जशी कोरली आहेत तशीच उतरवून घ्या, ऐकीव लिहू नका.

शेवटी २२ जुलै १९४७. रंग तेच राहिले, चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरचं चक्र आलं. चोवीस आऱ्या, रंग गडद निळा. संविधान सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी अर्थ सांगितला तो थोडक्यात असा: केशरी म्हणजे त्याग आणि निःस्वार्थ वृत्ती, पांढरा म्हणजे प्रकाश आणि सत्याची वाट, हिरवा म्हणजे मातीशी आणि वनस्पतींशी असलेलं आपलं नातं, चक्र म्हणजे धर्माचा नियम आणि गती. हिरव्याचा हा अर्थ केळी-कापसाच्या पट्ट्यातल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

या पट्टीखाली दुसरी बारीक पट्टी जोडा, जिल्ह्यांची. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. म्हणून १९३६ चं फैजपूर ‘पूर्व खान्देश’मध्ये आणि १९४२ चं नंदुरबार ‘पश्चिम खान्देश’मध्ये दाखवायचं. पुढे राज्यस्थापनेच्या सुमारास पूर्व खान्देशचं जळगाव आणि पश्चिम खान्देशचं धुळे झालं. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. जुना संदर्भ पाहायचा असेल तर १८८० चं खान्देश गॅझेटिअर आहे. आणि धुळ्याला जाणं जमत असेल तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जाऊन या. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली उभी राहिलेली ही संस्था मुलांनी एकदा तरी पाहावी.

तिसरी पायरी: सिंहांची राजमुद्रा जवळून वाचा

एक रुपयाचं नाणं घ्या आणि मुलांना भिंग द्या. सिंह किती? चित्रात तीन दिसतात, मूळ स्तंभावर चार आहेत, पाठीला पाठ लावून. चौथा मागे राहतो. सिंहांच्या पायांखालच्या पट्टीवर मधोमध चक्र आहे, पाहणाऱ्याच्या उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा. दोन्ही टोकांना आणखी चक्रांच्या कडा दिसतात. मूळ स्तंभाच्या गोल पट्टीवर हत्ती आणि सिंहही आहेत, पण समोरून ते दिसत नाहीत. स्तंभाचा खालचा उलट्या कमळासारखा भाग मुद्रेत घेतलेला नाही. आणि खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’, मुंडकोपनिषदातलं.

हे शब्द मुद्रेचा भाग आहेत. शब्दांशिवाय नुसते सिंह छापले तर मुद्रा अपुरी राहते. फलक रंगवणाऱ्याला हे आधी सांगा, कारण जागा कमी पडली की तो पहिल्यांदा खालची ओळ उडवतो.

आता वापराचं. या मुद्रेसाठी २००५ चा कायदा आहे आणि २००७ चे नियम आहेत. खाजगी माणसाने, संस्थेने, मंडळाने ती लेटरहेडवर, व्हिजिटिंग कार्डावर, गाडीच्या काचेवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायची नाही. माजी पदाधिकारी आणि निवृत्त अधिकारी यांनाही ती वापरता येत नाही. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात सिंह टाकायची हौस आपल्याकडे भरपूर आहे. ती मुद्रा शासनाची ओळख आहे, ती पाहून लोक कागदावर विश्वास ठेवतात, एवढं समजावून सांगितलं तर माणसं ऐकतात.

मुलांच्या प्रकल्पवहीत अभ्यास म्हणून चित्र काढणं वेगळं. तिथे बिचकू नका.

चौथी पायरी: महाराष्ट्राची मुद्रा आणि बाकीची राज्यचिन्हं

शासन निर्णयाच्या डोक्यावर एक गोल चिन्ह असतं. मधे समई, भोवती कमळाच्या सोळा पाकळ्या आणि कडेने संस्कृत ओळी: ‘प्रतिपच्चन्द्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववन्दिता, महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’. ज्यांना शिवाजी महाराजांची राजमुद्रा पाठ आहे त्यांना लगेच कळेल. महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ आहे, तिथे राज्याचं नाव घातलं आहे. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तिचा भाव. मुलांकडून दोन्ही मुद्रा शेजारी शेजारी लिहून घ्या आणि फरकाच्या शब्दांखाली रेघ ओढायला लावा. दहा मिनिटांत जे लक्षात राहतं ते तासभराच्या भाषणाने राहत नाही.

सिंहमुद्रेचीच शिस्त इथेही पाळा. राज्याची मुद्रा शासनाच्या कागदासाठी आहे, दुकानाच्या पाटीसाठी नाही.

बाकीची चिन्हं पटकन सांगतो. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा. २०१५ साली ब्ल्यू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू झालं, असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. पापलेट राज्यमासा झाला तो २०२३ साली.

यातलं काय आपल्याकडे पाहायला मिळतं ते मुलांना दाखवा. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचा हिरवा पारवा. वड, पिंपळ, उंबर फळाला आले की पहाटे थव्याने येतो आणि पानांत असा मिसळतो की शेजारी बसलेला दिसत नाही. गावाबाहेरच्या जुन्या वडाखाली उभं राहून, मान वर करून, गप्प थांबायचं. एक फळ टपकन खाली पडतं, मग नजर ठरते आणि मग एकेक पक्षी दिसायला लागतो. ताम्हण उन्हाळ्यात फुलतो, जांभळट गुलाबी झुबक्यांनी. बागेत, कॉलनीच्या रस्त्याकडेला लावलेला सापडेल. शेकरूसाठी मात्र भीमाशंकरच्या जंगलाची सहल काढावी लागेल.

राज्यगीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’. कवी राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत आहे. कार्यक्रमात घ्यायची आवृत्ती दोन कडव्यांची, सुमारे १ मिनिट ४१ सेकंदांची. पूर्ण लांबीचं ध्वनिमुद्रण लावून मधेच बंद करण्यापेक्षा आधीच बरोबर फाईल काढून ठेवा. गीत चालू असताना सावधान उभं राहायचं. राष्ट्रगीताची जागा ते घेत नाही, ५२ सेकंदांचं ‘जन गण मन’ स्वतंत्र होतंच.

पाचवी पायरी: शेजारची आणि दूरची राज्यं

तुलनेशिवाय चिन्ह कळत नाही. खान्देशची हद्द मध्य प्रदेश आणि गुजरातला लागते, तिथूनच सुरुवात करा. मध्य प्रदेशचा राज्यप्राणी बारशिंगा, राज्यपक्षी दूधराज. गुजरातचा राज्यप्राणी सिंह, राज्यपक्षी रोहित म्हणजे फ्लेमिंगो. पुढे दक्षिणेत तामिळनाडूच्या मुद्रेत गोपुर, कर्नाटकाच्या मुद्रेत दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी, केरळच्या मुद्रेत हत्ती आणि शंख. उत्तर प्रदेशाच्या मुद्रेत मासे आणि धनुष्य.

राज्यध्वजाचं काय? जम्मू-काश्मीरला १९५२ पासून स्वतःचा ध्वज होता, लाल रंगाचा, त्यावर नांगर आणि तीन उभ्या पांढऱ्या रेघा. २०१९ मध्ये तो गेला. कर्नाटकात पिवळा-लाल कन्नड ध्वज सगळीकडे दिसतो, २०१८ साली तिथल्या सरकारने अधिकृत ध्वजाचा आराखडाही मांडला, पण त्याला मान्यता मिळाली नाही. आज भारतात कोणत्याही राज्याचा स्वतंत्र अधिकृत ध्वज नाही.

अमेरिकेत उलट आहे, पन्नासही राज्यांना आपापले ध्वज. त्यातली दोन उदाहरणं मुलांना जरूर सांगा. अलास्काचा ध्वज १९२७ साली बेनी बेन्सन नावाच्या तेरा वर्षांच्या, अनाथाश्रमात वाढणाऱ्या मुलाने काढला. गडद निळ्या आभाळावर सप्तर्षी आणि ध्रुवतारा, बस एवढंच. शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून तो निवडला गेला आणि आजही तोच आहे. दुसरं मिसिसिपीचं. त्या राज्याच्या ध्वजात अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचं युद्धचिन्ह सव्वाशे वर्षं होतं. २०२० साली ते उतरवलं, लोकांनी मतदान करून मॅग्नोलिया फुलाचा ध्वज स्वीकारला. चिन्हं बदलता येतात, पण ठरावाने आणि लोकांना विचारून, हे यातून कळतं.

सहावी पायरी: प्रत्यक्ष झेंडा निवडणं, बांधणं, उतरवणं

आता हातातलं काम. नियम २००२ च्या भारतीय ध्वजसंहितेतले आहेत. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापडही चालतं. त्याआधी हातकताई, हातविणीचंच लागत असे. खादीचा झेंडा घ्यायचा असेल तर आपल्याच राज्यात नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती झेंडे बनवते. माझं मत विचाराल तर शाळेच्या खांबासाठी खादीच घ्या, जरा महाग पडला तरी.

विकत घेताना फूटपट्टी सोबत ठेवा. लांबी आणि रुंदीचं प्रमाण ३:२. शाळेला सोयीची मापं म्हणजे ९००×६००, १३५०×९०० किंवा १८००×१२०० मिलिमीटर. ९००×६०० च्या झेंड्यात प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटरचा येतो आणि चक्राचा व्यास १८५. म्हणजे चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या आत मावतं आणि वर-खाली अगदी थोडी जागा उरते. चक्र हिरव्या-केशरी पट्ट्यांना भिडलेलं किंवा मधे बटणाएवढं दिसलं तर तो झेंडा परत करा. आऱ्या मोजा, चोवीसच हव्यात. उलटून पाहा, चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. फ्लेक्सवर छापणार असाल तर चित्र ताणलं गेलं की चक्र अंड्यासारखं होतं, म्हणून छपाईआधी ऑपरेटरशेजारी बसून तपासा.

आदल्या दिवशी संध्याकाळी खांबाची तालीम घ्या. खान्देशच्या उन्हात नायलॉनची दोरी वर्षभर खांबाला राहिली तर ठिसूळ होते, ती बदला. टोकाच्या कप्पीत तेलाचे दोन थेंब सोडा आणि दोरी वर-खाली ओढून पाहा. केशरी बाजू कप्पीकडे, हे बांधणाऱ्याने आणि दुसऱ्या एकाने, दोघांनी पाहायचं. फडकवण्यासाठी घडी बांधताना सुटती गाठ मारा, निरगाठ नको. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, पण मूठभरच ठेवा. ओल्या झेंडूची रास भरली तर कापड जड होतं, डाग पडतात आणि गाठही सुटत नाही.

चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. एका खांबावर एकच झेंडा. मंडळाचा भगवा असो, पंचशील ध्वज असो, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाचा झेंडा असो, त्याला वेगळा खांब द्या आणि तो राष्ट्रध्वजापेक्षा उंच नको. रांगेत लावायचे असतील तर राष्ट्रध्वज सगळ्यांच्या उजव्या टोकाला, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर, उभा लावला तर केशरी पाहणाऱ्याच्या डावीकडे. झेंड्यावर काहीही लिहायचं नाही, वर्गाचं नाव नाही, देणगीदाराचं नाही. टेबलावर चादर म्हणून अंथरायचा नाही, पुतळ्याच्या अनावरणासाठी झाकायलाही वापरायचा नाही. जमिनीला, पाण्याला लागू द्यायचा नाही. गाडीच्या बोनेटवर, टपावर गुंडाळायचा नाही. गाडीवर दांडीला झेंडा लावायचा मान ठरावीक पदांनाच आहे. जाणूनबुजून अवमान केला तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुलै २०२२ पासून उघड्यावर आणि नागरिकांच्या घरांवर झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो. तरी शाळेत सूर्यास्ताला उतरवायची जुनी सवय मला चांगली वाटते. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन आणि वारा यांत कापडाचा रंग आणि टोकाची शिवण लवकर जाते, आणि उतरवण्याच्या निमित्ताने मुलांच्या हाताला काम मिळतं. फाटलेला, विटलेला झेंडा लावणं नियमाविरुद्धच आहे.

घडी अशी: दोघांनी झेंडा आडवा, सपाट धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचे. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा, इतका की वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. ती घडी दोन्ही तळहातांवर घेऊन कपाटापर्यंत न्यायची, काखेत मारून नाही. अर्ध्यावर उतरवायचा प्रसंग शासनाच्या आदेशानेच येतो. तेव्हा आधी टोकापर्यंत चढवून मग अर्ध्यावर आणायचा, आणि सायंकाळी पुन्हा टोकाला नेऊन उतरवायचा.

जीर्ण झेंड्याचं काय करायचं, हा प्रश्न ग्रामपंचायतीत दरवर्षी येतो. संहिता सांगते: एकांतात, पूर्ण झेंडा, शक्यतो जाळून किंवा मान राहील अशा दुसऱ्या पद्धतीने नष्ट करावा. कचऱ्यात नाही, पुसायचं फडकं म्हणून तर नाहीच. प्लॅस्टिकचे झेंडे वाटूच नका. कागदी वाटले तर कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक खोकं ठेवा, मुलं त्यात आणून टाकतील, मग त्यांचीही तशीच विल्हेवाट लावता येते. १५ ऑगस्टला दुपारी गावच्या रस्त्यावरून एक फेरी मारून पडलेले झेंडे गोळा करायचं काम सातवी-आठवीच्या मुलांना द्या, ती जीव लावून करतात.

सातवी पायरी: गावाचं किंवा शाळेचं स्वतःचं चिन्ह

इतकं झाल्यावर मुलं विचारतातच, ‘आपल्या गावाचं चिन्ह का नाही?’ असू शकतं. बेनी बेन्सनची गोष्ट इथे कामाला येते.

मुलांना आधी गावात फिरवा आणि ज्याशिवाय आपलं गाव ओळखू येणार नाही अशा गोष्टी लिहायला सांगा. रावेर-यावलकडे केळीचं पान येईल, चोपड्याच्या मुलांना तापी आठवेल, अक्कलकुवा-धडगावची मुलं सातपुड्याची धार आणि होळीचा उंच बांबू काढतील, शिंदखेड्याकडे कापसाचं बोंड येईल. मग निवडायची एकच गोष्ट, फार तर दोन. सगळं गाव एका चौकोनात कोंबलं तर लांबून नुसता डाग दिसतो. रंग दोन किंवा तीन. अक्षरं टाळा, कारण वाऱ्यावर हलणाऱ्या कापडावर अक्षरं वाचता येत नाहीत आणि मागून उलटी दिसतात. चाचणी सोपी आहे: चित्र एकदा दाखवा, झाका आणि दुसरीतल्या मुलाला आठवून काढायला सांगा. जमलं तर चिन्ह चांगलं.

काय घ्यायचं नाही तेही ठरलेलं आहे. सिंहमुद्रा, अशोकचक्र, तिरंगा आणि राज्याची मुद्रा यांना हात लावायचा नाही. बचतगटाच्या पापड-मसाल्याच्या पाकिटासाठी चिन्ह करत असाल तर १९५० चा बोधचिन्हांचा कायदाही पाहा. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रंही आहेत, ती व्यापारी चिन्ह म्हणून वापरता येत नाहीत.

चिन्ह ठरलं की ग्रामसभेत मांडा. शाळेचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत. ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: चित्राचं वर्णन शब्दांत, रंगांची नावं, कशाकशावर वापरायचं आणि कोणाच्या परवानगीने. मूळ चित्र ठरावाच्या वहीत चिकटवा, काढणाऱ्या मुलाचं नाव आणि इयत्ता खाली लिहा, तारीख टाका, सरपंचांची सही आणि शिक्का घ्या. त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवा, म्हणजे वीस वर्षांनी कुणी विचारलं की हे कोणी ठरवलं, कधी आणि कशासाठी, तर वही उघडून दाखवता येईल.